श्रोत्याचा मान : ‘ख्रिस्तपुराणा’च्या वाचनातून

मराठी वाङ्मयात कथा सांगणाऱ्याइतकाच कथा ऐकणाऱ्याचाही मान आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशी दुसरे काही मागत नाहीत, ते केवळ अवधान मागतात. आमच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यांचे चरित्र गाणाऱ्या ‘गुरुचरित्रा’ची सारी रचना नामधारक नावाच्या शिष्याच्या पृच्छेवर उभी आहे. तो विचारतो आणि सिद्ध सांगतो. तो विचारायचा थांबला तर ग्रंथ पुढे सरकणार नाही. आपल्या हिंदू बांधवांच्या परंपरेत भक्तीचे नऊ प्रकार मानले आहेत. त्यांत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. हा क्रम सहज लागलेला नाही. ज्याने ऐकले नाही त्याने गाऊ नये, असा त्याचा अर्थ आहे.

या परंपरेत एका परदेशी ख्रिस्ती धर्मगुरूने भर घातली. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयी आपल्या समाजात अभिमानाने बोलले जाते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या शाळेच्या पुस्तकांतून आणि व्यासपीठांवरून पुष्कळांच्या कानांवर पडल्या आहेत. परंतु तेवढ्या चारदोन ओव्यांवर समाधान मानून आपण ग्रंथ बाजूला ठेवतो. प्रस्तुत लेखात त्या स्तुतीपलीकडे जाऊन एकच प्रश्न विचारावयाचा आहे. या ग्रंथातील वक्ता आधी श्रोता होता काय? आणि होता, तर कितपत? प्रश्न वाङ्मयाचा आहे खरा. पण घरात, शेतात, चर्चमध्ये रोज एकमेकांशी बोलणाऱ्या आपणा सर्वांना तो लागू पडतो.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढील सारे आयुष्य त्यांनी मुख्यत्वे साष्टी प्रांतात काढले आणि १६१९ मध्ये गोव्यातच देह ठेवला. त्यांचे पुराण रायतूर येथे रोमन लिपीत छापून निघाले ते १६१६ साली. म्हणजे आगमन आणि ग्रंथप्रकाशन यांत ३७ वर्षांचे अंतर आहे. या काळात ते मौन धरून बसले होते असे नव्हे. प्रवचने, धर्मशिक्षण, मठाचा कारभार ही सारी कामे चालूच होती. तथापि ज्या ग्रंथाने त्यांना मराठी कवींच्या पंगतीत बसविले, तो ग्रंथ लिहावयास त्यांनी घाई केली नाही. १०,९६२ ओव्यांचा हा विस्तार परभाषेत करावयाचा तर आधी त्या भाषेचा नाद कानांत मुरावा लागतो.

१५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले आहे. युरोपातील विद्वानांनी भाषाकुलांचा शास्त्रशुद्ध विचार मांडला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी. येथे येऊन चार वर्षे झालेल्या एका तरुण धर्मगुरूला हे कसे जाणवले? त्याच्यापाशी कोणताही तौलनिक कोश नव्हता. बाजारात, बंदरावर, चर्चच्या ओसरीवर चालणारे लोकांचे बोलणे तो लक्षपूर्वक ऐकत होता, एवढेच त्याचे साधन. पुढे त्यांनी कोकणीचे व्याकरण रचले. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० साली छापले गेले. दुसऱ्याच्या जिभेवर क्रियापद कसे वळते हे टिपण्यासाठी पुष्कळ काळ आपली जीभ आवरून धरावी लागते. व्याकरण लिहिणे हीसुद्धा श्रवणाचीच साधना आहे.

आता ग्रंथाकडे वळू. पुराणाच्या आरंभीचा प्रसंग मला त्यातील सर्वांत अर्थपूर्ण भाग वाटतो. धर्मशिक्षणाचा पाठ संपला आहे. तेव्हा एक ब्राह्मण गृहस्थ पाद्रीगुरूंकडे येतो आणि आपल्या मनातील उणीव बोलून दाखवितो. तुम्ही शिकविता ती शिकवण चांगली आहे, परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, काय ऐकावे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पाद्रीगुरू त्याला दटावीत नाहीत. तो म्हणतो त्यात तथ्य आहे, हे त्यांना पटते. या विनंतीतून पुराणाचा जन्म होतो. म्हणजे कवीने आपल्या महाकाव्याच्या उगमाशी स्वतःचे पांडित्य ठेवले नाही. वरिष्ठांची आज्ञाही ठेवली नाही. तेथे त्याने एका साध्या माणसाची तक्रार ठेवली आहे.

तक्रार ऐकून घेण्याची ही वृत्ती ग्रंथाच्या भाषेतही उतरली आहे. आपण मराठीत का लिहिले हे सांगताना प्रस्तावनेत स्टीफन्स म्हणतात की, देवाच्या गोष्टी सांगण्यास या देशीच्या भाषांत ही भाषा योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे पुष्कळसे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे आजच्या कोकणीतील, सोपे शब्द मिसळले आहेत. या निवेदनाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. भाषेचे सौंदर्य ज्याला मोहविते तो कवी बहुधा अवघड शब्दांच्या नादी लागतो. स्टीफन्स यांना ते सौंदर्य ठाऊक होते आणि तरी त्यांनी ते काही अंशी सोडून दिले. कारण वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावरील न कळल्याची खूण त्यांनी पाहिली होती. प्रवचनकारांनी हे निवेदन आपल्या टेबलावर लिहून ठेवावे, असे मला वाटते.

रूपाच्या बाबतीतही त्यांनी येथलेच वळण पत्करले. तीन सयमक चरण आणि चौथा आखूड चरण अशी आपल्या ओवीची चाल, आरंभी नमन, सर्गांना ‘अवस्वरु’ हे नाव, आणि मधूनमधून श्रोत्याची शंका व गुरूचे निरसन. पहिल्या पुराणात विश्वाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा जुन्या करारातील कथाभाग येतो, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. स्वर्गासाठी ते निःसंकोचपणे ‘वैकुंठ’ हा शब्द वापरतात. पवित्र आत्म्याचा निर्देश मात्र ‘स्पिरितु सांतु’ असा परक्या नावानेच होतो. कोठे लोकांचा शब्द घ्यावयाचा आणि कोठे आपला राखावयाचा, हा निवाडा प्रत्येक वेळी अचूक झाला आहे असे मी म्हणणार नाही. तरी असा निवाडा करण्यासाठी दोन्ही बाजूंचे शब्द कानांत असावे लागतात, आणि ते त्यांच्या कानांत होते.

हे श्रवण एकट्या स्टीफन्स यांचेच नव्हते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतकथांच्या सोळाव्या शतकातील हस्तलिखित प्रती आहेत. त्या गोव्यातील येशूसंघीयांच्या हातून तेथे पोहोचल्या. परक्यांनी आपल्या कथा अक्षर न् अक्षर लिहून घेतल्या, याचे आपणास कौतुक वाटते. मात्र कौतुक करताना एक कठोर गोष्ट विसरता येणार नाही, आणि टीकाकाराने ती लपवू नये.

ज्या पुराणांवाचून तो ब्राह्मण गृहस्थ अस्वस्थ झाला होता, ती पुराणे आपोआप नाहीशी झाली नव्हती. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडण्यात आली होती. सत्तेने लोकांच्या कथाकीर्तनावर बंधने घातली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सहकारी मारले गेले. आपण त्यांना हुतात्मे म्हणून वंदन करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यानंतर तेथील गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. ‘या, बोलू’ असे म्हणून ज्यांना बोलावले त्यांचे म्हणणे कोणी ऐकलेच नाही. हे कृत्य पोर्तुगीज सत्तेचे, स्टीफन्स यांचे नव्हे. तथापि त्यांची ओवी याच सत्तेच्या छायेत लिहिली गेली. ज्याचे तोंड आधी बंद केले गेले आहे, त्याची विनंती ऐकणे हे श्रवण खरे असले तरी अपुरे आहे.

ग्रंथाच्या रचनेतही हे अपुरेपण दिसते. पुराणातील श्रोता प्रश्न चांगले विचारतो, पण तो कवीनेच घडविलेला श्रोता आहे. त्याची शंका नेमकी तेथेच उठते, जेथे गुरूपाशी उत्तर तयार असते. उत्तर मिळाले की त्याचे समाधान होते. ‘गुरूजी, हे मला अजूनही पटले नाही’ असे म्हणून तो घरी निघून जात नाही. साष्टीच्या शेतांत राबणारी बाई, कोळी, कुणबी यांना त्या संवादात स्वतःचा स्वर नाही. हा दोष त्या काळच्या अवघ्या पुराणवाङ्मयाचा आहे, असे म्हणता येईल. नामधारकही सिद्धाला कधी अडवीत नाही. काव्याची थोरवी याने कमी होत नाही. मात्र ‘ख्रिस्तपुराण’ हा श्रवणाचा परिपूर्ण आदर्श आहे, असा दावा आपण करू नये.

ती उणीव भरून निघण्यास मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला तीनशेहून अधिक वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या परंपरेतील लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनी पत्नीला विश्वासात घेतले नव्हते. पुढील काही वर्षांच्या ताटातुटीची आणि पुनर्मीलनाची हकीकत त्या पुस्तकात आहे. या बाईंना कोणी युक्तिवादाने जिंकले नाही. नवऱ्याबरोबर राहू लागल्यावरही त्या आपल्या सोवळ्याला धरून राहिल्या. त्यांनी पाहिले, ऐकले, मनाशी झगडा केला आणि जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, या निर्णयास त्या स्वतःच येऊन पोहोचल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘ख्रिस्तपुराणा’त जो श्रोता वक्त्याच्या कल्पनेतून आला होता, तोच येथे लेखणी हाती घेऊन बोलू लागला आहे. आणि तो हसतो, चिडतो, अडवतो. हे पुस्तक लिहून झाले त्यामागेही एका श्रोत्याचा आग्रह होता. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात म्हणून पुत्र देवदत्त यांनी आईला बोलते केले. एकाने विचारले आणि ऐकून घेतले, म्हणून मराठीला तिचे एक श्रेष्ठ आत्मचरित्र लाभले.

या दोन ग्रंथांच्या उजेडात शुभवर्तमान पुन्हा वाचावे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका बहिऱ्या व तोतऱ्या माणसाला बरे करतात. ते आधी त्याच्या कानांत बोटे घालतात, मग जिभेला स्पर्श करतात. आधी कान उघडतात, नंतर जीभ मोकळी होते. बाप्तिस्म्याच्या विधीत ‘एफ्फाथा’ म्हणून धर्मगुरू बालकाच्या कानांना आणि मुखाला स्पर्श करतो तोही याच क्रमाने: वचन ऐकण्यासाठी कान, श्रद्धा प्रकट करण्यासाठी मुख. एम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभू स्वतःची ओळख देऊन प्रारंभ करीत नाहीत. तुम्ही काय बोलत चालला आहात, असे विचारून ते त्या दोघांचे सारे दुःख ऐकून घेतात. शास्त्राचा उलगडा त्यानंतर. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोपर्यंत ते खरे मित्र होते. त्यांनी तोंड उघडले आणि त्यांची चूक सुरू झाली.

हे सारे मी वर्षानुवर्षे प्रवचनांतून सांगत आलो. सेमिनरीत आम्हाला प्रवचनशास्त्र शिकविले होते. श्रवणशास्त्र असा विषय नव्हता. तो मला पुढे एका विधवा भगिनीने शिकविला. तिची अनुमती घेऊन, नाव-गाव न देता, तो प्रसंग येथे नोंदवितो.

आमच्या भागातील एका खेड्यात तिचा नवरा अकस्मात वारला. मी भेटीस गेलो. बसताक्षणी मी सांत्वन सुरू केले. ईयोबाचे उदाहरण दिले, पुनरुत्थानाची आशा सांगितली, प्रार्थना म्हटली आणि पाऊण तासाने समाधानाने उठलो. ती दोनदा काही बोलू पाहत होती. ते मला दिसले होते. पण तो हुंदका असेल असे मी मानले. महिन्याने पुन्हा गेलो. मी बायबल उघडणार तोच ती म्हणाली, “फादर, आज तुमी बसा. मले सांगू द्या.”

तिने सांगितले ते असे. मागल्या वर्षी एका रविवारी मी वेदीवरून मिस्साला न येणाऱ्यांना टोचून बोललो होतो. पेरणी-कापणीला वेळ मिळतो, देवाला मिळत नाही, अशा आशयाचे माझे शब्द होते. तिचा नवरा त्या दिवशी मागच्या बाकावर होता. सोयाबीन शेंगांवर आले असताना रोही आणि रानडुकरे रातोरात पीक आडवे करीत होती, म्हणून तो आठ-आठ दिवस जागलीला जात असे. पहाटे घरी यायचा आणि डोळे मिटायचे. माझे बोलणे ऐकून त्याला वाटले की सर्वांदेखत आपलीच अब्रू काढली. तो पुन्हा चर्चमध्ये आला नाही. “ते तुमच्यावर रागावले नव्हते, फादर,” ती म्हणाली, “लाजले होते. तुमाले एकदा सांगाले पाहत होते. पण तुमी येत, बोलत अन् निघून जात.”

मी काय बोलणार? त्या दिवशी मी काहीच बोललो नाही. तिने केलेला काळा चहा घेतला आणि निघालो. वाटेत दोन्ही बाजूंना शेतांतल्या जागलीच्या माळी उभ्या होत्या. त्याच रस्त्याने मी कित्येक वर्षे गेलो होतो. त्यांत रात्री कोण बसते, हे मी कोणाला विचारले नव्हते.

एका आठवड्याने मी ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला अवस्वरु पुन्हा काढला. पूर्वी मी तो मराठीच्या स्तुतीसाठी वाचीत असे. आता त्या ब्राह्मण गृहस्थाचे बोलणे निराळेच ऐकू आले. पाठ संपला तेव्हा पाद्रीगुरू निघून गेले असते, तर तो मनुष्य आपली उणीव मनात घेऊन घरी परतला असता आणि हा ग्रंथ झालाच नसता. ते तेथे थांबले. वाङ्मयाच्या इतिहासात या थांबण्याची नोंद कोठे होत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दिव्य प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज दिला, त्याचे पहिलेच वाक्य देवाचे वचन श्रद्धेने ऐकणे आणि मग धैर्याने घोषित करणे या क्रमाने रचलेले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ ते २०२४ या काळात अवघ्या ख्रिस्तसभेला एकत्र चालण्याच्या ज्या सिनडप्रक्रियेत गुंतविले, तिचाही पाया परस्परांचे ऐकणे हाच होता. धर्मग्रामांतून सभा झाल्या, कागद भरले गेले, अहवाल वर गेले. ते चांगलेच झाले. परंतु घरात सासू सुनेचे ऐकत नसेल, बाप मुलाचे वाक्य पुरे होऊ देत नसेल, आणि धर्मगुरू दारातूनच बोलत आत येत असेल, तर वर गेलेल्या अहवालाने खाली काय बदलणार? रात्रीच्या रोझरीनंतर मोबाईल बाजूला ठेवून घरातल्या एकाने बोलावे आणि इतरांनी मध्ये न बोलता ऐकावे, एवढी लहान साधना प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. उत्तर लगेच दिलेच पाहिजे असे नाही. पुष्कळदा ते मागितलेलेही नसते.

‘ख्रिस्तपुराण’ आज आपणास सहज उपलब्ध आहे. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी ते रोमन लिपीत संपादून पुन्हा प्रकाशात आणले; १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आणि १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांनी देवनागरी आवृत्त्या सिद्ध केल्या; २००९ साली फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठीतील रूपांतरासह ते दिले. भाषा आरंभी अडखळविते, हे मान्य. पण हा ग्रंथ डोळ्यांनी वाचण्यासाठी नाहीच. चर्चमध्ये तो मोठ्याने वाचला जाई आणि लोक बसून ऐकत. उपवासकाळात चार घरांनी मिळून आठवड्यास एक अवस्वरु ऐकावा. वाचून झाल्यावर मात्र कोणी लगेच निरूपण करू नये. धर्मगुरूने तर नाहीच. एखादा श्रोता उठेल आणि पुराणातल्या श्रोत्याने कधी म्हटले नाही ते म्हणेल, “हे मला पटले नाही.” त्याला बसायला सांगू नये. त्याचे म्हणणे पुरते ऐकावे.

ती भगिनी आता दर रविवारी मिस्साला येते आणि मागच्या बाकावर बसते. सोयाबीन शेंगांवर आले की मी रविवारी सायंकाळीही एक मिस्सा ठेवतो. ही सूचना तिचीच होती. ती ऐकून घेण्यापलीकडे मी काही केलेले नाही.